मनागूचा मान शाळेच्या ताटापर्यंत जायला हवा

सेनेगलमधल्या सेंट लुईस बेटावरच्या कोळ्यांचा चेबू जेन हा पदार्थ डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. मासे, हंगामातल्या भाज्या आणि त्याच रश्श्यात शिजवलेल्या तांदळाच्या कण्या असा तो बेत. त्याचं जगभर कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. त्याच बैठकीत केनियाचीही एक नोंद मंजूर झाली, तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही, कारण ती कुठल्या पदार्थाची नव्हती. केनियाने युनेस्कोपुढे आपलं एक काम मांडलं होतं. 2007 पासून तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि गावोगावच्या जाणत्या लोकांनी मिळून सुमारे 850 देशी वनस्पती त्यांच्या स्थानिक नावांसकट नोंदवल्या. प्राथमिक शाळेतल्या मुलांना हाताशी धरून घरोघरच्या खाण्याच्या रीती टिपून ठेवायचाही एक उपक्रम झाला. स्थानिक अन्नाकडे गरिबीची आणि मागासलेपणाची खूण म्हणून पाहिलं जातं, ही नजर बदलणं हा या सगळ्या खटपटीचा हेतू होता. जतनाचं चांगलं काम म्हणून युनेस्कोने त्याची दखल घेतली.

आफ्रिकेच्या खाद्यसंस्कृतीचा गौरव करायचा तर तो या दुसऱ्या वाटेने व्हावा, असं माझं ठाम मत आहे. एखादा पदार्थ निवडावा, महोत्सव भरवावा, मंत्र्यांनी येऊन चव घ्यावी, हे सगळं आनंदाचं आहे. आफ्रिकी संघाने 30 ऑक्टोबर हा अन्न आणि पोषण सुरक्षेचा दिवस ठरवला आहे, 2022 हे सबंध वर्ष पोषणासाठी जाहीर केलं होतं. पण पोषण सुधारतं ते रोजच्या ताटात काय पडतं त्यावर. आणि ज्या मुलांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्या ताटात काय पडायचं, हे बऱ्याचदा त्यांची आई ठरवत नाही. शाळेची निविदा, मदतीचं गोदाम आणि बियाण्याचा कायदा ते ठरवतात. गौरव तिथपर्यंत पोचला नाही तर तो अर्ध्या वाटेतच थांबला.

मी नैरोबीत राहते, म्हणून केनियाबद्दलच बोलते. इथल्या देशी पालेभाज्यांची गोष्ट या वादासाठी पुरेशी आहे.

आधी भाज्यांची ओळख. मनागू म्हणजे आपल्याकडच्या कामोणीच्या कुळातलं झाड, पण पानं तळहाताएवढी रुंद आणि चवीला किंचित कडू. तेरेरे म्हणजे माठ-राजगिरा. सागा म्हणजे आपल्या पडीक रानात उगवणारी तिळवण. कुंडे ही चवळीची कोवळी पानं. म्रेंडा ही ज्यूटच्या कुळातली, शिजली की बुळबुळीत होते. मितू खुळखुळ्याच्या जातीतली, चांगलीच कडवट. शिवाय भोपळ्याची पानं. पश्चिम केनियातल्या लुह्या, लुओ, किसी, कालेंजिन लोकांच्या घरांत या भाज्या पिढ्यान् पिढ्या शिजत आल्या. त्यांच्याबरोबर खायचं ते उगाली, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. एके काळी तो नाचणीचा आणि ज्वारीचा असे, आज बहुतेक घरांत पांढऱ्या मक्याचा असतो.

हा बदल आपोआप झालेला नाही. मका किनाऱ्यावर आला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर, पण देशभर पसरला तो इंग्रजांच्या राजवटीत. गोऱ्यांच्या मळ्यांवर मजुरांना शिधा म्हणून मक्याचं पीठ मिळायचं. हे पीठ दळायला सोपं, साठवायला सोपं, हिशेबाला सोपं. नाचणीची कणसं हाताने खुडावी लागतात, ज्वारीवर पाखरं बसतात आणि मुलं शाळेत गेल्यावर राखण करायला कुणी उरत नाही, हेही खरं. स्वातंत्र्यानंतर 1964 मध्ये किटालेच्या संशोधन केंद्रातून हायब्रिड मका आला, त्यामागे कर्ज, खत, सरकारी खरेदी अशी सगळी यंत्रणा उभी राहिली. नाचणीमागे असं कुणी उभं राहिलं नाही. किकुयू लोकांचा न्जाही, म्हणजे आपल्या वाल-पावट्याचा काळा भाऊबंद, बाळंतिणीला आवर्जून द्यायचं कडधान्य. वसाहतीच्या शेतीखात्याला निर्यातीसाठी एकसारख्या दाण्याचा घेवडा हवा होता, त्यापुढे न्जाही मागे पडला. पालेभाज्यांच्या वाट्याला तर साधं पीक हा दर्जाही आला नाही. कोबी आणि सुकुमा, म्हणजे केलची साधी जात, यांना भाजी म्हणत आणि मनागू-सागाला तण. कृषी महाविद्यालयांत शिकून आलेले अधिकारी शेतकऱ्याला ते उपटून टाकायला सांगत.

आता पोषणाच्या तक्त्यात पाहा. शंभर ग्रॅम कोबीत कॅल्शियम सुमारे 40 मिलिग्रॅम, माठाच्या पानांत दोनशेच्या वर. लोह माठात कोबीच्या चौपटीहून जास्त. अ जीवनसत्त्व कोबीत जवळजवळ नाहीच, या हिरव्यागार पानांत भरपूर. धान्याचंही तेच. नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, मक्यात दहाच्या आसपास. उपटून टाकायला सांगितलं ते हे आणि लावायला सांगितलं ते ते.

ही नजर फिरवायला वीस-पंचवीस वर्षं लागली आणि त्यात काही माणसांनी आयुष्य घातलं. प्राध्यापक मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो यांचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं. दूध, अंडी, काही मासे त्यांना लहानपणी सोसत नसत, त्यामुळे त्या घरच्या पालेभाज्यांवरच वाढल्या. त्यांची आजी दोन-तीन पाले एकत्र करून त्यांना अशी चव आणायची की मूल आवडीने खाईल. उद्यानविद्या शिकायला गेल्यावर त्यांनी पाहिलं की अभ्यासक्रमात या भाज्यांना जागाच नाही. मग जोमो केन्याटा कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठातून त्यांनी याच भाज्यांची बियाणी, लागवड आणि पोषण यांचा अभ्यास केला. तिकडे राष्ट्रीय संग्रहालयाचे पॅट्रिक माउंडू गावोगाव फिरून खाण्याच्या वनस्पतींची नोंद करत होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून नैरोबीच्या सुपरमार्केटांत या भाज्या दिसू लागल्या. त्याआधी ज्या हॉटेलांत कोबी आणि चिप्स एवढंच मिळायचं, तिथे दुपारी मनागू आणि तळलेला टिलापिया मासा मागायला गर्दी होऊ लागली. गावाकडचं म्हणून जे लपवून खायचं ते आता पाहुण्याला वाढायचं झालं.

यातून मी जो धडा घेते तो असा. माणसं जीवनसत्त्वांच्या पत्रकामुळे खाणं बदलत नाहीत. पत्रकं तर कित्येक वर्षं वाटली जात होती. चव आणि प्रतिष्ठा परत मिळाली तेव्हा भाजी परत आली. म्हणून संस्कृतीचा अभिमान ही पोषणाच्या कामातली मोठी ताकद आहे, आणि आहारतज्ज्ञांनी तिला सजावट समजू नये.

पण अभिमान नेमका कशाचा बाळगायचा? हे समजायला बाजारात जायला हवं. शहराच्या पश्चिमेला कांगेमीचा बाजार आहे. रात्रभर प्रवास करून पश्चिम केनियातून आलेली पोती पहाटे तिथे उतरतात. भाजी विकणाऱ्या बाईला इथे सगळे मामा म्बोगा म्हणतात, समोरासमोर नुसतं ‘मामा’. अशाच एका मामाकडे मी बऱ्याचदा जाते. ती पोत्यावर बसून मनागूची पानं खुडत असते. अंगठ्याच्या नखाने देठ तोडायचा, जाड दांडी बाजूला, पान टोपलीत, कोवळा शेंडा वेगळा. फुलं आलेली डहाळी ती घेतच नाही, कडू होते म्हणते. गिऱ्हाईक नुसतं मनागू मागायला लागलं तर ती थोडं तेरेरे त्यात मिसळून देते.

एकदा मी विचारलं, “मामा, हे माझ्या मुलाला कडू लागतं, काय करू?”

“दूध घातलंस?”

“नाही.”

“पाणी कमी घाल, शिजलं की दूध घाल. आज खाऊ नकोस. रात्रभर ठेव, उद्या परत गरम कर. मग सांग मला.”

दुसऱ्या दिवशी भाजी खरोखर वेगळी लागली. कडूपणा मागे सरला होता आणि पानं दुधात मुरून मऊसूत झाली होती. तिच्या सांगण्यातलं बरंच काही पोषणशास्त्राला मान्य होईल असं आहे. पानांतलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला सोबत स्निग्ध पदार्थ लागतो, तो दुधातून मिळतो. दूध नसेल तिथे शेंगदाण्याचा किंवा तिळाचा कूट घालतात, त्याचंही काम तेच. पाणी कमी घातलं की ओतून द्यावं लागत नाही आणि पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वं वाया जात नाहीत. दोन पाले एकत्र केले की एकाचा कडूपणा दुसरा झाकतो आणि मूल पुरेशी भाजी खातं. लुह्या घरांत म्रेंडा आणि कुंडे शिजवताना घेवड्याच्या वाळलेल्या टरफलांच्या राखेचं निथळलेलं पाणी घालतात, त्याने चिवट पानं लवकर मऊ होतात. त्यात काही जीवनसत्त्वं कमी होतात हे खरं, पण जळणही वाचतं आणि जळण आणायला बाईलाच जावं लागतं.

हे सगळं मिळून जे होतं त्याला मी रीत म्हणते. अन्नाची ताकद बियाण्यात असते तितकीच रीतीत असते. याचा सगळ्यात दुःखद पुरावा मक्यानेच दिला आहे. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटत आले. त्यामुळे मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. मका समुद्र ओलांडून आफ्रिकेत आला, पण ती रीत त्याच्याबरोबर आली नाही. जोवर ताटात मक्याबरोबर शेंगदाणे, कडधान्यं, मासळी, पाला होता तोवर हे जाणवलं नाही. 1990 मध्ये मलावीतल्या छावण्यांत मोझांबिकचे निर्वासित जवळजवळ पूर्णपणे मदतीच्या शिध्यावर जगत होते. शिध्यात मका होता आणि शेंगदाणे होते. शेंगदाण्यांचा पुरवठा तुटला. काही महिन्यांत अठरा हजारांहून जास्त माणसांना पेलाग्रा झाला. कातडी भाजल्यासारखी होऊन सोलून निघणारा हा आजार. पोटात मका जात होता, उपासमार नव्हती. शिध्यातली एक गोष्ट गळाली, आणि जी गळाली तिच्यावरच स्थानिक स्वयंपाकाचा तोल उभा होता.

मला या घटनेचा राग येतो. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय मका आणि पाला गिळवत नाही, हे त्या प्रदेशातली कुठलीही आजी सांगू शकली असती. शिध्याचा हिशेब लावताना तिला कुणी विचारलं नाही.

चांगल्या उदाहरणांचीही कमी नाही. पूर्व आफ्रिकेत ज्वारी-नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून पीठ ठेवायची रीत आहे. 1980 च्या दशकात टांझानियातल्या पोषणतज्ज्ञांनी ती तपासली. घट्ट लापशीत असं थोडंसं पीठ घातलं की ती पातळ होते, त्यामुळे लहान बाळाच्या पोटात तेवढ्याच वाट्यांतून जास्त धान्य जातं. ज्या मराठी घरांत बाळाला नाचणीचं सत्त्व दिलं जातं तिथे याचं नवल वाटणार नाही. इथिओपियात टेफ नावाच्या बारीक धान्याची इंजेरा ही मऊ पोळी करतात. तिचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात, आणि टेफमधल्या लोहाला धरून ठेवणारा घटक त्या आंबण्यात कमी होतो. हे ज्ञान कुणा बाहेरच्या माणसाच्या संशोधनातून आलेलं नाही. आणि टेफच्या बाबतीत तर एका डच कंपनीने त्याच्या पिठावर एकस्वही (पेटंट) घेतलं होतं, ते 2018 मध्ये हेगच्या न्यायालयाने रद्द केलं. जगाने कौतुक केलं की वस्तू सुरक्षित झाली असं नसतं, हे यावरून दिसतं.

परंपरेची बाजू घेताना तिची दुखरी बाजू झाकणंही मला पटत नाही. लुह्या समाजात बाईने कोंबडी खायची नाही असा दंडक होता. कोंबडीची पेटी (गिझर्ड) घरातल्या कर्त्या पुरुषासाठी राखून ठेवायची. ज्या बाईच्या अंगात रक्त कमी, जी अंगावर पाजते, तिच्याच ताटातून मांस-अंडी काढून घेणारी ही संस्कृती आहे, आणि तिचा हा भाग सोडून द्यायलाच हवा. बहुतेक शहरी घरांत तो सुटलाही आहे. संस्कृती जिवंत असते ती अशी, ती टाकतेही आणि घेतेही. उद्या कुणी म्हणालं की परंपरा म्हणजे परंपरा, तिला हात लावू नका, तर मी त्याच्या बाजूने उभी राहणार नाही.

दुसरा आक्षेप कष्टाचा. पानं खुडणं, निवडणं, नाचणी मळणं, पाखडणं हे सगळं बायकांच्या अंगावर पडतं. दिवसभर दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करून किबेरा झोपडपट्टीतल्या खोलीवर परतलेल्या बाईला मनागू निवडत बस, रात्रभर मुरव, असं सांगणं म्हणजे तिच्यावर अन्याय. कोबी चिरला की झाला. हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. माझं उत्तर एवढंच की हे काम पगारी व्हायला हवं. निवडलेली, धुतलेली भाजी विकणाऱ्या बायका आज बाजारात आहेतच, त्यांना त्या निवडण्याचे पैसे मिळतात. मोठ्या स्वयंपाकघरांना असा पुरवठा झाला तर त्यातून शेकडो बायकांना रोजगार मिळेल.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. नैरोबी नदीच्या काठावर सांडपाण्यावर भाज्या पिकवल्या जातात, त्यांत जड धातू उतरतात. मान्य. पण इथे गंमत अशी की देशी भाजीला हा प्रश्न लगेच विचारला जातो, मक्याला उशिरा विचारला जातो. 2004 मध्ये मकुएनी-कितुई भागात बुरशी लागलेल्या मक्यातल्या अफलाटॉक्सिन या विषाने 317 जण आजारी पडले आणि त्यांतली 125 माणसं दगावली. म्हणून कुणी मका खाणं सोडून द्या म्हणालं नाही. साठवण सुधारा म्हणाले, आणि बरोबरच होतं. भाजीलाही तोच न्याय हवा. पाणी तपासा, ज्या मळ्याचं पाणी स्वच्छ त्याला शिक्का द्या.

आणि चौथा, सगळ्यात मोठा. संस्कृतीच्या गोष्टी भरल्या पोटी सुचतात, दुष्काळात काय? केनियात पाच वर्षांखालच्या वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण 2014 मध्ये 26 टक्के होतं, 2022 च्या पाहणीत ते 18 वर आलं. देश पुढे गेला. पण किलिफीत ते 37 टक्के, पश्चिम पोकोटमध्ये 34. त्या भागांत पाणी नाही, रस्ता नाही, दवाखाना लांब आहे. तिथे नुसता मनागूचा महिमा सांगणं क्रूर ठरेल. अनुदान हवं, पाणी हवं, पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळायचा 2012 पासूनचा नियमही काटेकोर पाळला जायला हवा. मी पालेभाजीला औषध म्हणत नाही. पण त्याच देशात वीस ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे 45 टक्के बायकांचं वजन गरजेपेक्षा जास्त आहे. एका बाजूला खुंटलेलं मूल, दुसऱ्या बाजूला वजन वाढून मधुमेहाच्या वाटेवर लागलेली आई, आणि कधी कधी दोघं एकाच घरात. नुसती पोटभर पिठाची सोय केली तर यातला दुसरा प्रश्न सुटणार नाही आणि पहिलाही अर्धाच सुटेल.

म्हणून मी शाळेच्या ताटाकडे वळते. केनियातल्या शाळांत दुपारचं जेवण म्हणजे बहुतेक ठिकाणी गिथेरी, म्हणजे मका आणि घेवडा एकत्र उकडलेला. वाईट नाही, धान्य आणि कडधान्य दोन्ही त्यात आहे. नैरोबी काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) 2023 पासून मोठी केंद्रीय स्वयंपाकघरं उभी करून पाच शिलिंगांत मुलांना गरम जेवण द्यायला सुरुवात केली, हे तर फारच चांगलं काम. मुलं मनगटावरच्या पट्ट्याने पैसे भरतात आणि ताट घेतात. एवढी यंत्रणा असेल तर तिच्यातून आठवड्यातून दोनदा कुंडे किंवा तेरेरे का येऊ नये? मोठ्या स्वयंपाकघराला पालेभाजी अवघड असते हे मला माहीत आहे. ती सुकते, तिचं वजन शिजल्यावर एवढंसं उरतं. पण रोज ठरलेली मोठी मागणी असेल तर पुरवठ्याची साखळी उभी राहते, मागणी नसताना ती कधीच उभी राहत नाही.

हे नुसतं स्वप्न नाही. पश्चिमेच्या बुसिया काउंटीत जैवविविधता आणि पोषण यांवरच्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून शेतकऱ्यांच्या गटांना शाळांना स्थानिक पालेभाज्या पुरवायला तयार करण्यात आलं. त्याच प्रकल्पात सहभागी असलेल्या ब्राझीलने तर 2009 मध्येच कायदा केला, की शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान 30 टक्के हिस्सा छोट्या कुटुंबशेतीतून खरेदीसाठी वापरायचा. कायद्यात आकडा आला की मुख्याध्यापकाच्या चांगुलपणावर काही अवलंबून राहत नाही. केनियाने असा आकडा ठरवावा आणि त्यातला काही भाग देशी भाज्या, नाचणी, ज्वारी, न्जाही यांच्यासाठी राखावा, ही माझी मागणी आहे. पैसे वेळेवर देण्याची अटही त्यात हवी. दोन एकरांत भाजी लावणारी बाई बिलासाठी तीन महिने थांबू शकत नाही, ती माल दलालाला देऊन मोकळी होईल.

मराठी वाचकाने यात का लक्ष घालावं? कारण आपली भाकरी मुळात आफ्रिकेची आहे. ज्वारी सुदानच्या पूर्व भागातली, बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेलची, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. चवळीही आफ्रिकेचीच. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून ही धान्यं बहुधा समुद्रमार्गे इकडे आली आणि देशावर, कोकणात, आदिवासी पाड्यांत अशी रुजली की ती परकी होती हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आणि नंतरची गोष्टही तीच. रेशनवर गहू-तांदूळ आला, ज्वारी-नाचणीची पेर घटली, भाकरी गरिबाची ठरली. आता महाराष्ट्रात दर पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरतो. कृषी विभाग मांडव घालतो, बायका टाकळा, कुर्डू, शेवळं, करटोली घेऊन येतात, फोटो निघतात. मला तो महोत्सव आवडतो. पण ज्या पाड्यावरून ती बाई शेवळं घेऊन आली तिथल्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात त्या आठवड्यात काय शिजलं, हा प्रश्न तिथे विचारला गेला पाहिजे. नैरोबीतल्या मराठी घरांनाही माझं सांगणं आहे. पार्कलँड्सच्या बाजारात मेथी-पालक शोधत फिरतो तेव्हा शेजारच्याच ढिगात तेरेरे असतं. लसणाची फोडणी आणि डाळ घालून त्याची पातळ भाजी करून बघा, माठाच्या भाजीपेक्षा वेगळी लागणार नाही.

शेवटी बियाण्याबद्दल, कारण सगळं तिथून सुरू होतं. देशी भाज्यांचं बी बायका वर्षानुवर्षं राखत आल्या. मनागूची पिकलेली जांभळी फळं पाण्यात कुस्करायची, बी राखेत वाळवायचं, मडक्यात ठेवायचं आणि लेकीला, शेजारणीला, चर्चमध्ये भेटलेल्या मैत्रिणीला मूठभर द्यायचं. केनियाच्या 2012 च्या बियाणे कायद्यातल्या तरतुदींनी प्रमाणित नसलेलं बी विकणं आणि त्याची देवाणघेवाण करणं हा गुन्हा ठरवला, दंड दहा लाख शिलिंगांपर्यंत आणि तुरुंगवास दोन वर्षांपर्यंत. बनावट बियाण्यापासून शेतकऱ्याला वाचवणं हा हेतू असेलही, पण ज्या बायकांमुळे 850 वनस्पतींची यादी होऊ शकली त्यांच्याच डोक्यावर हा कायदा टांगलेला होता. ज्या सरकारने युनेस्कोपुढे या ज्ञानाचा अभिमान मांडला, त्याच सरकारचा हा कायदा. काही छोट्या शेतकऱ्यांनी 2022 मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये उच्च न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

हा निकाल मला युनेस्कोच्या नोंदीपेक्षा मोठा वाटतो. आता काउंट्यांनी पुढचं पाऊल टाकायला हवं. बायकांच्या बियाणे गटांची नोंदणी करा, गावागावांत सामूहिक बियाणे पेढ्यांना जागा आणि थोडा निधी द्या, कृषी सहायकांच्या प्रशिक्षणात मनागू-सागाची लागवड घाला. आणि जानेवारीत नवं शालेय वर्ष सुरू होण्याआधी जेवणाच्या निविदा निघतात, त्यांतल्या भाजीच्या रकान्यात कोबी आणि सुकुमा यांच्याखाली आणखी चार नावं लिहा: मनागू, तेरेरे, सागा, कुंडे.